लाल भाताचा कौल

"उष्टो हात भाताक लावू नको गो, नासतलो."

आईला जाऊन बरीच वर्षं झाली. पण नैवेद्याचा भात उतरवताना तिचं हे वाक्य अजून कानाशी येतं आणि मी हात पुन्हा धुते.

त्या सोमवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. बारावीचा निकाल लागला होता. आमच्याकडे पूर्वापार कौल घेतात तो देवाच्या अंगावर पाकळ्या लावून. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण घाटावरून परशुराम बुवा आले आणि त्यांनी अन्नकौल आणला. मुलाच्या नावाने भाताची मूद ठेवायची, बुवांनी डोळे मिटून तिच्यात अंगठा दाबायचा आणि वर टोप उपडा घालायचा. तिसऱ्या दिवशी भात पांढरा निघाला तर शिकायला जा. भातावर रक्त दिसलं तर देवीची मनाई. आणि रक्त खरंच दिसायचं. ओलं, लालभडक. बायका पदर तोंडाशी नेत.

"पुढचा! काय शिकणार?"

"बॉटनी, बुवा."

"झाडपाला. सात्त्विक आहे." उजवा अंगठा.

"फिशरीज."

"मालवणच्या समुद्राला मासे कुणी शिकवले? पण मुलगा आहेस, जा." उजवा अंगठा.

मग माझी भाची पुढे झाली. गौरजा, माझा भाऊ गणपत याची मुलगी.

"बायोटेक्नॉलॉजी. नायतर मायक्रोबायोलॉजी."

"मायक्रो म्हणजे गं काय?"

"डोळ्यांक दिसनत नाय असले जीव."

"न दिसणारं सगळं आमच्या खात्यात येतं, पोरी!" लोक खो खो हसले. बुवांनी डावा अंगठा दाबला.

घरी येताना गणपत म्हणाला, "भात लाल झालो, तर तू खंय जावचा नाय." कॉलेजात दोन्ही विषयांच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. शनिवारपर्यंत हजर व्हायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या अक्षयाला मायक्रोबायोलॉजी करायचं होतं, तेव्हाही भात लालच निघाला होता. प्रायश्चित्त म्हणून तो भात तिला सगळ्यांसमोर खायला लावला. ती उलट्या करत घरी गेली, आणि भातकापणीच्या आत तिचं लग्न दोडामार्गात लावून दिलं. जाताना तिने बेडूक कापायची आपली डिसेक्शन पेटी गौरजाच्या हातात ठेवली होती. "माज्या वाटणीचा तू शिक गो."

"शिकतलंय," गौरजा म्हणाली होती.

त्या सोमवारी दुपारी गौरजा माझ्या चुलीपाशी येऊन बसली. "आत्या, बुवाचो डावो अंगठो बघितलंस? नखात लाल कड आसा."

देवळातल्या सगळ्या मुदींचा भात मीच शिजवते, सोवळ्याने. माझा भात कुणाच्या तरी नखाने नासतो, हे माझ्या मनात आलं नव्हतं. गौरजाने देवळामागच्या फणसाखाली टाकलेल्या, आधीच्या कौलाच्या लाल भातात टाचणी बुडवून आणली. मला ताटात भात थापून द्यायला सांगितलं. तिने त्यावर काहीतरी टोचलं. मी ताटावर टोप घातला आणि देवळात गौरजाच्या टोपाशेजारी नेऊन ठेवला. खोटं न बोलण्याचा माझा नेम आहे. पण मला कुणी विचारलंच नाही.

बुधवारी टोप उघडले. गौरजाची मूद लाल. गणपतने मान खाली घातली.

मी हळूच म्हटलं, "बुवा, एक टोप उरलो."

त्यांनी तो उचलला. पांढऱ्या भातावर रक्ताची अक्षरं उमटली होती: लबाड.

"देवी बोल्ली!" देऊळ दणाणलं. बुवांनी तर स्वतःच हात जोडले. आपलीच सोंगटी आपल्याला खातेय, असा चेहरा. "तिच्याच मुदीशेजारी उमटला, गौरजाच्या अंगात इला!" कुणीतरी ओरडलं. बायका कुंकू घेऊन धावल्या. गणपत आपल्याच मुलीच्या पायाशी आडवा झाला. त्या क्षणी तिने मागितलं असतं ते गावाने दिलं असतं.

"बाबा, उठ. देवीन नाय, मी लिवलंय. ह्या टाचणीन." ती टाचणी तिने सगळ्यांना दाखवली. "ह्या रक्त नाय. जिवाणू आसत, सेरॅशिया म्हणतत. दमट हवेत शिजलेल्या भातार वाढतत आणि लाल रंग सोडतत. जुन्या लाल भातात बुवा डावा नख बुडवतत. उजवो अंगठो स्वच्छ धुतत. ज्येका थांबवचा, त्येका डावो!"

"नास्तिक कार्टी!" बुवा किंचाळले. "देवीचा कोप होईल!"

मी गौरजाची लाल मूद पानावर घेतली आणि बुवांपुढे वाकले. "आमच्या पोरींनी खाल्लो. आता तुमी घेवा. प्रसाद नाकारूचो नसता."

"खावा, बुवा!" लोकांना आता वेगळीच मजा येऊ लागली. दोघांनी त्यांचे दंड धरले, तिसऱ्याने जबडा. पान ओठांना लागलं.

"नको! अहो, बाधतं ते!" बुवा ओरडले.

धरणाऱ्यांचे हात सुटले. माहेरपणाला आलेली अक्षया खांबापाशी उभी होती, कडेवर मूल. तिने विचारलं, "मगे माजो भात?"

तिचे वडील फरशी बघत राहिले.

बुवा आता तळेऱ्याच्या बाजूला आहेत, नारळ बोलका करतात म्हणे. गर्दीही चांगली असते. आमच्या गावातल्या दोघीतिघींनी आपापल्या मुलासाठी गौरजाला बाजूला घेऊन विचारलं, "आमच्या झिलाचा नाव भातार उमटवशीत?" चमत्कार उघडा पडला याचं दुःख लोकांना अक्षयाच्या दुःखापेक्षा मोठं वाटलं.

मी रोज देवाला नैवेद्य दाखवते, पुढेही दाखवीन. म्हणूनच सांगते: भात झाकून ठेवा, हात धुवा, आणि पोरीने काय शिकावं हे भाताला विचारू नका. तिलाच विचारा. देवाने डोकं दिलंय ते काय नुसतं टेकवायला?

शुक्रवारी पहाटे गणपत उठला नाही, किंवा उठून पडून राहिला. गौरजाने तुळशीला पाणी घातलं. मी दिलेली दशम्यांची पुरचुंडी पिशवीत टाकली, तिच्यावर अक्षयाची पेटी ठेवली. अक्षयाच्या माहेरच्या दारावरून जाताना तिने चपला हातात घेतल्या, आत मूल झोपलं होतं म्हणून. मग पुढे त्या पायात घालून ती एसटी धरायला कसालच्या रस्त्याला लागली.