टाचेची भेग

साखरेच्या आजारानं माझे पाय बधिर झालेले. टाचेला काही झालं तरी कळत नाही, आणि वाकून बघावं तर कंबर वाकत नाही. म्हणून माझी टाच बायकोच्या, द्वारकाबाईच्या हवाली होती. टाचेला भेग पडली, तशी ती त्यात बिब्ब्याचं तेल भरायची, फडकं बांधून वर मोजा चढवायची. विचारलं की म्हणायची, "सुकलीय."

मग ताप भरला आणि उजवा डोळा लाल झाला. डोळे आले असतील म्हणून गुलाबपाणी घातलं. डोळा ठणकायला लागला, समोर धुकं दिसायला लागलं, तेव्हा आमच्या येडशीहून धाराशिवला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, अंगावर कुठं जखम, गळू?"

"टाचेला भेग होती, ती सुकली. व्हय ना गं?"

"व्हय," द्वारकाबाई म्हणाली.

औषध घेऊन परतलो. दोन दिवसांत त्या डोळ्यानं दिसायचंच बंद झालं. पुन्हा गेलो.

"आत पू झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा बाहेरून आलेला नाही. अंगातल्या जखमेतले जंतू रक्तातून डोळ्यात गेलेत. मोजा काढा."

द्वारकाबाईनं माझा पाय धरला. "आत्ताच बांधलंय, बाई. नका सोडू."

नर्सनं फडकं कापलं. खोलीभर घाण वास सुटला.

"हे तुम्हाला माहीत होतं?" डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं.

"माझ्या भावाचा पाय गुडघ्यापासून कापला," द्वारकाबाई रडत म्हणाली. "ह्यांचाबी कापला असता."

"पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तर डोळ्याची आशा होती."

डोळ्यात सुई टोचली, शिरेतून औषध चढवलं, टाच खरवडून साफ केली. पाय राहिला. डोळा गेला.

"चालता तर येईल," द्वारकाबाई खाटेशी बसून म्हणाली.

"मला इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर तुमी पाय दाखवाया पळाला असता."

पळालो असतो. ते तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर जास्त लागलं. डॉक्टरसमोर 'व्हय ना गं?' म्हणून मी माझ्या डोळ्याचा सवाल तिच्या एका शब्दावर सोडला होता.

सकाळी नर्स पट्टी बदलायला आली. "आजी, बघून घ्या, घरी तुम्हालाच करायचंय."

द्वारकाबाई पुढं सरकली. मी पाय मागं ओढला.

"ताई, आरसा हाय का?"

नर्सनं पर्समधला आरसा टाचेखाली धरला. उरलेल्या डोळ्यानं मी जखम बघितली. वाटीएवढी होती.

"काय दिसतंय, अवं?" द्वारकाबाईनं हळूच विचारलं.

मी नर्सला म्हणालो, "सावकाश करा ताई. मला शिकायचंय."