मधली तीन वर्षं

राजुऱ्यात शिवणकाम करणाऱ्या रंजीताला गिअरची जुनी स्कूटर हवी होती. गडचांदूरला कनीजचाचीच्या अंगणातली फिकट निळी गाडी पाहताक्षणीच तिच्या मनात भरली. पण निघताना तिच्या नवऱ्यानं, गोपालनं बजावलं होतं, "रंगावर जाऊ नको. पासिंग पाहून घेजो."

म्हणून ती आधी खाली वाकली. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. आकडे आरसी बुकाशी जुळले. मग दर काही वर्षांनी आरटीओत होणाऱ्या पासिंगचे शिक्के पाहिले. पहिलं वेळेवर झालेलं, दुसरं मात्र तीन वर्षं उशिरा.

"चाची, मधात गाडी बंद काऊन होती? अॅक्सिडेंट झाला का?"

"गाडीले काई नाई झालं, बेटा. आमचे हे कवेलू फेरता फेरता छपरावरून पडले." चाची ओट्यावर टेकली. "आमचा बाजारात बांगड्यायचा धंदा. हे खाटेवर अन् गाडी पडवीत. मंग हेच म्हणाले, तूच शिक. मी म्हटलं, या उमरीत? लोक हसतीन. म्हणे, हसू दे."

मग चाचीनं नवऱ्याची, नूर मोहम्मदची, खाट अंगणात आणली. तो पडल्या पडल्या ओरडायचा, 'क्लच हळू सोड!' चाची दोनदा कोंबड्यांच्या खुराड्यावर गेली. पण शिकली. लायसन काढलं आणि गाडी पासिंगला तिनंच चंद्रपूरला नेली.

"तिथी साहेबानं विचारलं, गाडी कोण चालवते? म्हटलं, मी. म्हणे, चक्कर मारून दाखवा. मारली."

"एक नाई, दोन!" आतून आवाज आला. काठी टेकत नूर मोहम्मद दारात आला. "साहेब थांबा थांबा म्हणून राह्यला, अन् ही आपली दुसऱ्या चकरेवर!"

चाची तोंडावर पदर धरून हसली. "ब्रेक सापडला नाई म्हणून, बेटा."

रंजीताही खळखळून हसली. पुढची सगळी पासिंगं वेळेवर झालेली होती आणि शेवटच्याची मुदत अजून बाकी होती. चाचीचा गुडघा आता किक मारू देत नव्हता, म्हणून गाडी विकायची होती, एवढंच.

सौदा जमला. रंजीतानं किक मारली. तिसऱ्या किकेला गाडी धडधडत सुरू झाली.

"नावावर करायले चंद्रपूरले जाशीन, तवा मले घेऊन जाजो," चाची म्हणाली. "मांगं बसून कधी गेलीच नाई मी तिथी."

"तुमाले घेतल्याशिवाय जातच नाई, चाची," रंजीता म्हणाली आणि सिमेंटच्या ट्रकांना वाट देत, कपाशीच्या शेतांमधून राजुऱ्याकडे निघाली.