ग्रॅमवर मोजलेलं मीठ

आमच्या गाडीवर टोमॅटोचं सूप मिळतं, सोबत भाजलेला पाव. मीठ वजनकाट्यावर मोजून पडतं, म्हणून माझ्या मावसभावाला, म्हणजे माझ्या भागीदाराला, गिऱ्हाइकं 'तराजू' म्हणतात. आम्ही दोघंही रसायनशास्त्राचे पदवीधर. प्रयोगशाळेतलं काहीही तोंडात घालायचं नाही, हे अंगात इतकं मुरलेलं, की गाडीवरही आम्ही कधी चव घेत नव्हतो.

बाबांचा गाडीला विरोध नव्हता, फक्त ती आपली आहे हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. "पोरगी फूड कंपनीत आहे," असं ते लोकांना सांगत. बस डेपोजवळचा हा रस्ताच त्यांनी टाळला होता. मी मात्र रोज संध्याकाळी गर्दीत त्यांचं टक्कल शोधायचे.

मंगळवारी ते दिसलं. त्यांच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कनी त्यांना दंडाला धरून आणलं होतं.

"अरे, ये रे! अख्खा डेपो इथलं सूप पितो."

बाबा भिंतीवरची जाहिरात वाचू लागले. हेडक्लार्क मला ओळखत नव्हते. मी बाबांची अब्रू राखायचं ठरवलं.

"काका, दोन देऊ?" मी बाबांनाच विचारलं. स्वतःच्या बापाला काका म्हणाले.

"दे," ते जाहिरातीला म्हणाले.

पहिल्याच घोटाला हेडक्लार्कचं तोंड वाकडं झालं. "ताई, मीठ जरा सढळ हाताने पडलंय."

"शक्यच नाही," तराजू म्हणाला. "ग्रॅमवर मोजलंय."

"मग जीभच दुरुस्तीला टाकतो बुवा."

तेवढ्यात बाबांनी घोट घेतला, आणि त्यांना राहवलं नाही.

"कसला ग्रॅम घेऊन बसलास, गाढवा! समुद्र आहे हा! आणि तू गं? घरी भाजीचा थेंब तळहातावर घेऊन चाटल्याशिवाय गॅस बंद करत नाहीस. इथे काय झालं?"

रांगेतली डोकी आमच्याकडे वळली.

"घरी?" हेडक्लार्कनी विचारलं.

आता शब्द गिळता येणार नव्हते. बाबांनी कप खाली ठेवला.

"मुलगी आहे माझी. आणि हा मेहुणीचा मुलगा. दोघांत मिळून अक्कल एकच, तीही अर्धी अर्धी वाटून घेतलेली."

"म्हणजे ती फूड कंपनी..."

"हीच. मालकीण हीच."

मी सूप चाखलं. खरंच समुद्र. आम्ही नवीन, रुंद तोंडाचं पातेलं दुपारपासून आचेवर ठेवलं होतं. पाणी वाफ होऊन गेलं, मीठ आत राहिलं. शाळकरी पोरानेही सांगितलं असतं.

"आजचं सूप खारट झालंय," मी रांगेला सांगितलं. "बिनमिठाचा रस शिल्लक आहे, तो मिसळून उकळून देते. दहा मिनिटं लागतील. जे आधी प्यायलेत, त्यांना दुसरा कप फुकट."

रांगेतले दोघं निघून गेले. खाकी शर्टातला ड्रायव्हर कुरकुरला, "माझी बस सुटेल."

"तुम्हाला सोडून कशी सुटेल?" बाबा म्हणाले. "तुम्हीच तर चालवता. थांबा, नीट करून देतेय ती."

ड्रायव्हर हसला आणि थांबला. बाबा वळसा घालून गाडीच्या आमच्या बाजूला आले, बाह्या सरसावल्या आणि तव्यावर पाव भाजायला लागले. पहिले चार जळाले. तराजूने ते गुपचूप स्वतःच्या ताटलीत काढून घेतले.