मारामा म्हणजे कोय

मी एक जुना कापडी तक्ता आहे. नारीन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या शाळेत पहिलीच्या वर्गात मी टांगलेला असतो. इथे मुलं बाईंना 'एजे' म्हणतात. गुलसून एजेंनी मला जुन्या पडद्यातून बेतलं आणि दवाखान्यातल्या निकामी एक्स-रे फिल्मा धुऊन त्यांचे खिसे माझ्यावर शिवले. खिशांत पुठ्ठ्याची अक्षरं बसतात. एक काढून दुसरं घातलं की शब्द बदलतो. चित्र माझ्यावर एकही नाही. रूपाच्या बाबतीत मी पहिल्यापासून यथातथाच.

मित्रांनो, माझ्यासमोर बसून कितीतरी मुलं वाचायला शिकली. त्यांतली काही आता आपली मुलं पोचवायला येतात आणि मला ओळखतात. पण एका वर्षी वर्गात मोठा स्क्रीन आला. त्यावर शब्दाच्या जोडीला कोंबडा आरवायचा, घोडा पळायचा. माझी गुंडाळी होऊन रवानगी झाली कपाटामागे. उंदरांनी कोपरा कुरतडला. मला राग आला, पण कापडाच्या रागाला कोण विचारतं?

मेरीम त्याच वर्षी पहिलीत होती. आईवडील मॉस्कोत कामाला, म्हणून ती झूरा आजीपाशी वाढत होती. स्क्रीनवरचे शब्द ती घडाघडा सांगायची. एकदा मेंढीचं चित्र आलं. खाली शब्द होता 'कोय', म्हणजे मेंढी. मेरीम खणखणीत आवाजात म्हणाली, "मारामा."

मारामा म्हणजे बें-बें करणारी. सगळा वर्ग खिदळला.

"काय गं, तुमच्या मेंढ्यांचं वेगळं बारसं केलंय का?" शेजारच्या मुलीने विचारलं.

"आमच्याकडे मारामाच असते," मेरीम रडवेली होऊन म्हणाली.

असे घोटाळे वाढले. मुलगी कच्ची आहे, पुन्हा पहिलीत बसवा, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं. म्हणजे आलिप्पेच्या सणाला ती मुकणार. पहिलं पुस्तक वाचून संपलं की आमच्याकडे हा सण होतो. आजीने तर त्यासाठी तिचा पांढरा झगाही शिवून ठेवला होता.

उलगडा एजेंना झाला. झूरा आजीच्या सासऱ्यांचं नाव कोयचूमान. आमच्याकडची सून सासऱ्यांचं नाव तर घेत नाहीच, नावाशी जुळणारा शब्दही टाळते. त्या घरात मेंढीला कोणी 'कोय' म्हटलेलंच नव्हतं. मेरीम ढ नव्हती. ती अक्षरांकडे बघतच नव्हती, चित्र बघून घरचा शब्द सांगत होती.

"सणापर्यंत थांबा, तिला मी शिकवते," एजे मुख्याध्यापकांना म्हणाल्या आणि त्यांनी मला ओढून काढून झटकलं.

सुरुवातीला मेरीमचे हाल झाले. चित्र नाही म्हटल्यावर ती एजेंच्या तोंडाकडे बघायची. एजे चेहरा कोरा ठेवायच्या आणि बोट अक्षराखाली. क, ओ, य. आधी सुटं, मग जोडून. एक दिवस एजेंनी 'कोय'मधला क काढून त घातला. मेरीमने ओठ हलवले, थांबली, पुन्हा हलवले. "तोय," ती म्हणाली. तोय म्हणजे मेजवानी. मग स्वतःच हसून म्हणाली, "मेंढी गेली आणि मेजवानी झाली." त्या दिवशी ती खरी वाचायला लागली. माझा जीव भांड्यात पडला.

सणाला वर्ग पालकांनी भरला होता. प्रत्येकाने शाळेबाहेर वाचलेला एक शब्द माझ्यावर लावायचा होता. कोणी 'नान' लावलं, कोणी दुकानाची पाटी. मेरीम पांढऱ्या झग्यात आली आणि एकेक अक्षर लावत गेली. ईदला काकाबरोबर टेकडीवरच्या कबरस्तानात गेली असताना तिने तो शब्द दगडावर वाचला होता.

"को-य-चू-मान," तिने वाचलं.

झूरा आजीने रुमालाचं टोक तोंडावर धरलं. मेरीम घाबरून तिच्याकडे बघत राहिली.

"मी हे नाव नाही घ्यायची. सून आहे मी त्यांची," आजी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "फार माया केली त्यांनी माझ्यावर. तू वाच, बाळा. परत वाच."

मेरीमने परत वाचलं, या वेळी न अडखळता.

मित्रांनो, आता स्क्रीनही आहे आणि मीही आहे. माझे खिसे पिवळे पडलेत, ते जपून हाताळा. आणि वाचताना कोणी चुकलं तर हसण्याआधी एवढं विचारा, की तुझ्या घरी याला काय म्हणतात?