विनीच्या अंगठ्याचा पाव

या, असे चुलीजवळ सरकून बसा. एका पावाची गोष्ट सांगतो. लाजेची आहे, पण ऐकण्यासारखी आहे.

दूर परदेशी, लीट्रिमच्या डोंगरात डर्व्हला लग्न होऊन आली तेव्हा तिला सगळं येत होतं, एक सोड्याचा पाव सोडून. पीठ, खायचा सोडा, मीठ आणि ताक, एवढाच तो पसारा. ताक पडलं की हलक्या हाताने गोळा करायचा, सुरीने वर क्रूस कापायचा आणि लगेच भट्टीत सारायचा. पण डर्व्हलाला धास्ती, कच्चा राहिला तर? म्हणून ती मळतच बसायची आणि भट्टीतून निघायचा दगड.

शेजारची म्हातारी विनीमावशी हसायची. "अगं, कुणावरचा राग काढतेस त्याच्यावर? तान्ह्याला उचलतात तसं उचल की." आणि आपल्या घरचा पाव फडक्यात बांधून तिच्या ओट्यावर ठेवून जायची.

असाच एक पाव ती ठेवून गेली, आणि त्याच रात्री झोपेत देवाघरी गेली.

मयताच्या घरी प्रत्येक बाईने आपल्या हातचं भाजून न्यायचं, ही तिथली रीत. डर्व्हलाने पाव केला, पुन्हा दगड. शेजारीण पेग काय बोलेल, ते तिला घरबसल्या ऐकू आलं. शेवटी तिने ओट्यावरचा अख्खा पाव उचलला, फडकं बदललं आणि निघाली.

बाहेरच्या खोलीत विनीमावशीला ठेवलं होतं, बोटांत जपमाळ गुंफून. आत चहा चालला होता. पेगने पावाचा एक कोपरा कापून तोंडात टाकला.

"आज माझे दात वाचले म्हणायचे. डर्व्हला, हा तूच केलास?"

"हो."

पेगने पुन्हा सुरी टेकवली, तोच विनीमावशीचा नवरा मॅलकी म्हणाला, "थांब जरा."

क्रूसाच्या मधोमध पावाला एक खळगा होता. म्हाताऱ्याने त्यावर अलगद बोट ठेवलं. "क्रूस कापला की ती इथे अंगठा दाबायची. ज्याच्यासाठी पाव, त्याचं नाव घ्यायची." मग डर्व्हलाकडे बघून म्हणाला, "तुलाही शिकवलं वाटतं तिने."

आवाजात राग नव्हता. तिला सुटायला त्याने वाट ठेवली होती, आणि त्यानेच तिची मान खाली गेली. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नाही, काका. मी खोटं बोलले. हा मावशीच्याच हातचा आहे. माझ्यासाठी ठेवून गेली होती."

पेगने सुरी खाली ठेवली.

"म्हणजे शेवटचं नाव तिने तुझं घेतलं," मॅलकी म्हणाला. "उरलेला मला देशील, पोरी? तुझा आहे, म्हणून विचारतो."

डर्व्हलाला वर बघवेना. तिने पाव फडक्यात बांधून त्याच्या हाती दिला, घरी गेली, आणि आपला दगड आणून टेबलावर ठेवला. पेगने सुरीने टकटक केलं. "याला कुऱ्हाड आणा कुणीतरी," म्हणाली, आणि पहिला तुकडा तिनेच चहात बुडवून खाल्ला. डर्व्हलाचे कान मात्र घरी जाईपर्यंत तापलेलेच होते.

तुम्ही कधी कुणासाठी पीठ हातात घेतलंत, तर त्या माणसाचं नाव घ्या. आणि एक क्षण विनीमावशीची आठवण ठेवा.