इस्त्रीच्या पोटातली राख

मित्रांनो, मी एक कोळशाची इस्त्री आहे. जुनी आहे, जड आहे आणि आज रागावलेली आहे. माझ्या झाकणाला कडी म्हणून पितळेचा एक कोंबडा आहे. त्याची चोच झिजली, पण पकड सुटलेली नाही. माझी गोष्ट मी एका शनिवारपासून सांगते, कारण त्या शनिवारनंतर आमच्या घरात साधं असं काही उरलं नाही.

आमचं घर जबलपूरजवळ महाराजपूरला. नाताळ तोंडावर आला होता. लाइट गेली होती, म्हणून विनताला माझी आठवण झाली. वडिलांचा, म्हणजे रत्नाकररावांचा, रविवारच्या उपासनेचा पांढरा शर्ट तिला इस्त्री करायचा होता. ते अंगणात खुर्ची टाकून मटर सोलत बसले होते.

"विनू, आधी तिचं पोट झटक."

"झटकलं, बाबा."

"पुन्हा झटक. तळ कितीही चमकला तरी राख आतूनच पडते."

"जन्मभर तेच सांगून राहिले तुम्ही!"

"म्हणून तर जन्मभर शर्ट पांढरा राहिला ना?"

ती हसली आणि तिनं मला अंगणात नेऊन पुन्हा दोन झोके दिले. सकाळी शर्ट खुंटीवरच होता. रत्नाकरराव झोपेतच गेले होते. त्याच शर्टात त्यांना मातीत ठेवलं.

आता थोडं मागचं सांगते. जबलपुरातल्याच गोहलपूरच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. लोखंड वितळवून मला साच्यात ओतलं, घासलं, लाकडी मूठ बसवली. नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, त्याच्या पुढच्या काही वर्षांत वर्ध्याकडचे रत्नाकरराव इथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला लागले. लग्न झाल्यावर त्यांच्या पत्नीनं, लतिकाबाईंनी, मला बाजारातून उचलून आणलं.

माझे वैभवाचे दिवस त्यानंतरचे. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या मेजावर जे पांढरं कापड अंथरतात ते दर शनिवारी आमच्या घरी येई. लतिकाबाई हात धुऊन ते पसरत आणि मी त्यावरून अलगद फिरे. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, कमिटीतले भय्यासाहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "रत्नाकरभाऊ, तुमच्या घरची इस्त्री म्हणजे मंडळीची शान आहे." खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी फुगून गेले.

विनता बारा वर्षांची असताना, अशाच एका नाताळाआधीच्या रविवारी, रत्नाकरराव उपासनेहून उशिरा घरी आले. मी इस्त्री केलेल्या शर्टाची बाही रक्तानं भरली होती. देवळाच्या फाटकाशी भय्यासाहेबांनी मागं न बघता जीप मागं घेतली होती. मागं जवळच्या पनागर गावचा पुंडलिक मटरची टोपली घेऊन बसला होता. चाक त्याच्या पायावरून गेलं. रत्नाकररावांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. भय्यासाहेबांनी पोलिसांना सांगितलं की, पुंडलिक पिऊन होता आणि आपणच येऊन चाकाखाली पडला.

दोन दिवसांनी भय्यासाहेब घरी आले. मी कोनाड्यात होते. सगळं ऐकलं.

"सलाम, रत्नाकरभाऊ. पोलीस येतील. तुम्ही म्हणा, मी पाहिलं नाही. बस."

"मी पाहिलं आहे जी."

"अरे भाऊ, समझो! नाव माझं एकट्याचं नाही. उद्या सारं शहर म्हणेल, बघा हे ख्रिस्ती लोक. मंडळीची साक्ष बिघडेल."

मित्रांनो, आमच्या लोकांत साक्ष म्हणजे माणसाचं वागणं पाहून जगाला देवाची जी ओळख पटते ती. फार मोठा शब्द आहे. तो भय्यासाहेबांच्या तोंडी ऐकून माझं लोखंड थंड असतानाही तापलं.

रत्नाकरराव शांतपणे म्हणाले, "साक्ष बिघडेल म्हणून साक्ष द्यायची नाही?"

"कचेरीतली ती गवाही. देवळातली ती साक्ष. दोन्हींत फरक असतो."

"मले नाही दिसत जी फरक. देव तर दोन्हीकडे तोच आहे."

आणि ते कचेरीत, म्हणजे कोर्टात, जाऊन खरं बोलून आले. भय्यासाहेबांना तिथं थोडीशी शिक्षा झाली. रत्नाकररावांना मंडळीत झाली ती जन्मभराची. पुढच्या शनिवारी कापड आलंच नाही. "आता लाइटच्या इस्त्रीनं करून राहिले," असा निरोप आला. शास्त्रवाचनाची, म्हणजे उपासनेत बायबल वाचण्याची, त्यांची पाळी दुसऱ्याकडे गेली. मग कुजबुज सुरू झाली की, त्या दिवशी रत्नाकर स्वतःच प्यालेला होता. ज्या माणसाला चहासुद्धा जास्त झाला तर झोप येत नसे, त्याला मंडळीनं दारुडा केलं! कोणी उघड म्हटलं नाही. उघड म्हटलं असतं तर उत्तर तरी देता आलं असतं.

विनता रविवारच्या शाळेतून रडत आली. "बाबा, पोरं मले दारुड्याची पोरगी म्हणतात. तुम्ही सांगा ना सगळ्यांना!"

ते म्हणाले, "नाव लोकांच्या तोंडात असतं, बेटा. ते धरायला गेलो तर आयुष्य त्यातच जाईल. देवाला आपलं आतलं दिसतं. ते आपल्या हातात आहे, तेवढं राख."

त्यांचं बरोबर असेल. मला मात्र ते पटलं नाही, आजही पटत नाही. देवाला दिसत होतं, हे खरं. पण त्या देवळात डोळे असलेली आणखीही माणसं होती. फाटकाशी उभं राहून त्यांनीही जीप पाहिली होती. ती सगळी कडक इस्त्रीचे कपडे घालून दर रविवारी आली, गायली आणि गप्प राहिली. रत्नाकरराव शेवटच्या बाकावर बसत. विनता त्यांच्याशेजारी बसे. मोठी झाली, पुष्कळ शिकली, कॉलेजात शिकवू लागली. पण देवळात तीही कधी तोंड उघडून बोलली नाही. लतिकाबाई गेल्या. घरात विजेची इस्त्री आली. मला गंज चढला. हिवाळ्यात पुंडलिक कुबडी टेकत येई आणि मटर देऊन जाई, मंडळीबाहेरचा तो एकटाच काय तो घराचा राहिला.

रत्नाकरराव गेल्यानंतरच्या शनिवारी घरी प्रार्थनासभा ठेवली. दुपारी शेजारच्या बेबीताई आल्या. त्यांच्या हातात तेच पांढरं कापड होतं.

"कमिटीनं पाठवलं आहे. भाऊच्या फोटोखाली अंथर म्हणे."

"काहून? इतकी वर्षं तर हे आमच्या घरात चालत नव्हतं."

"जाऊ दे गं. लोक येऊन राहिले. चार जणांत चांगलं दिसलं पाहिजे."

वीज होती, तरी विनतानं मलाच खाली काढलं. निखारे भरले आणि रागाच्या भरात झटकायला विसरली. कापडाच्या मधोमध राख पडली. तिनं हातानं पुसली तशी ती अधिकच पसरली.

"अरे देवा! आत दुमड, विनता. दिसणार नाही."

विनता त्या डागाकडे बघत राहिली. "नाही, बेबीताई. दिसू दे." आणि डाग वर ठेवूनच तिनं ते मेजावर अंथरलं. मला शेजारच्या खिडकीत ठेवलं. मी अजून गरम होते.

मित्रांनो, तुम्ही कपडे जरूर इस्त्री करा. नीटनेटकं राहण्यात पाप नाही. पण आधी माझं पोट झटका आणि आपलंही. आणि खरं बोलल्यापायी कोणाचं नाव काळं होत असेल, तर त्याच्या बाजूनं बोला. तो ऐकू शकतो तेव्हा बोला. त्याच्या फोटोखाली पांढरं कापड अंथरू नका.

सभा भरली. पुंडलिक दाराबाहेर पायरीवर बसला, आत कोणी बोलावलं नाही. मंडळीच्या पाद्रींनी, पाळकसाहेबांनी, प्रार्थना केली. मग भय्यासाहेब उठले. आता ते म्हातारे झाले होते, शर्टाची घडी मात्र तशीच धारदार. ते म्हणाले, "रत्नाकरभाऊ आमच्यातला हिरा होता. काय सांगू, त्यांची साक्ष फार चांगली होती."

लोकांनी माना डोलावल्या. विनता उभी राहिली. तिचा हात खिडकीच्या काठावर, अगदी माझ्याजवळ होता. आवाज चढला नाही, पण पायरीपर्यंत पोचला.

"चांगली नव्हती, भय्यासाहेब. खरी होती. जीप तुम्ही चालवत होता. माझे बाबा प्यालेले नव्हते, पुंडलिकभैयाही नव्हते. इथं बसलेल्या कितीतरी जणांनी ते पाहिलं आहे. पुंडलिकभैया, आत या. बाबांच्या जवळ बसा."