रिकाम्या तांब्याची भीती

मित्रांनो, तुमच्या घरात पोटावर नाव कोरलेला एखादा तांब्या असेल ना, तसाच मी एक जुना. हुडकेश्वरच्या या घरात मला गडवा म्हणतात. माझ्यावर ‘प्रेमिला’ असं कोरलंय. तिच्या लग्नात मी आंदणात आलो. तिचे यजमान ताराचंदजी कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला होते, तेव्हा पाहुण्यांपुढे आधी मी जायचो. माझ्या चकाकीचं कौतुक व्हायचं. मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी मोरीत जाऊन पडलो.

गेल्या उन्हाळ्यात सून हर्षानं मला घासूनपुसून वर आणलं. प्रेमिलाबाई तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या. हर्षाचा हुकूम सुटला, “आई, रोज तीन गडवे संपले पाह्यजे.”

मोजण्याची खोड मला पहिल्यापासून. कोण गटागटा पितो, कोण नुसते ओठ ओले करून ‘झालं’ म्हणतो, सगळी नोंद माझ्याकडे. प्रेमिलाबाईंच्या नावावर दिवसाचे घोट सहा. बाकी पाणी खिडकीतल्या मोगऱ्याला. संध्याकाळी हर्षा मला उलटं करून पाही आणि खूश होई.

“यंदा मोगरा काहून एवढा फुलून राहिला वं?” ताराचंदजी विचारत.

“देवाले फुलं पाह्यजे असन,” प्रेमिलाबाई म्हणत. चेहरा इतका साळसूद, की ओशाळायची पाळी माझ्यावर येई.

खरं कारण अंगणात होतं. संडास पलीकडच्या टोकाला, मधे तीन पायऱ्या, धरायला काही नाही. फाल्गुनात त्यांचा पाय तिथे घसरला होता. कुणाला बोलल्या नाहीत. कमी प्यायलं की कमी उतरावं लागतं, असा त्यांचा सरळ हिशेब.

मग नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस, लागला. पारा शेहेचाळीसवर गेला. घोट सहाचे चार झाले, चाराचे दोन. त्यांचे सुकलेले ओठ माझ्या काठाला चिकटू लागले. मी आतून गारठत होतो, पण मला कुठे बोलता येतं?

एका रविवारी दुपारी त्यांनी ताराचंदजींना विचारलं, “ड्युटीवर नाही गेले का जी आज?”

“पेन्शनवर कोणती ड्युटी करू?” ते हसले. मग त्यांनी बायकोच्या डोळ्यांत पाहिलं आणि हसू तिथेच विरलं.

शेजारचा धम्मानंद सरकारी दवाखान्यात ब्रदर होता. तो धावत आला, नाडी पाहिली, जीभ पाहिली. “काकू पाणी पितात ना?”

“रोज तीन गडवे,” हर्षानं मला उलटं धरून दाखवलं. “हा पाहा, आजचाही रिकामा.”

मित्रांनो, त्या क्षणी मी थिजलो. माझं रिकामं पोट खोटी साक्ष देत होतं.

“मग डोक्याचं काही असन,” धम्मानंदचा चेहरा उतरला. “मेंदूचा फोटो काढा लागते.”

प्रेमिलाबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता हे गुपित त्यांच्यासोबतच जाणार.

“झाडाले टाकलं पाणी,” त्या पुटपुटल्या. “पायऱ्यांचा भेव वाटते मले.”

हर्षानं मला खाली ठेवलं. “मले काहून नाही सांगतलं, आई?”

“तू मोजून राहिली होती वं. विचारलं कुठी?”

ऑटोतून त्यांना दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं एवढंच माझ्या कानावर आलं. दोन दिवस मी ओट्यावर रिकामा होतो आणि दाराशी पाऊल वाजलं की दचकत होतो. तिसऱ्या दिवशी त्या आल्या, वाळलेल्या, पण शुद्धीत. तोवर ताराचंदजींनी नत्थू वेल्डरला बोलावून पायऱ्यांना लोखंडी पाइप बसवला होता. त्याला लोंबकळून तो आपलं वजन पेलतो का, हेही त्यांनी पाहिलं.

आता हर्षा माझ्याजवळ बसते. पाणी संपेपर्यंत उठत नाही. नंतर प्रेमिलाबाई पाइप धरून एकेक पायरी उतरतात आणि मी त्या परत येईपर्यंत कान टवकारून असतो. भीती अजून गेलेली नाही, मित्रांनो. पुढचा उन्हाळा यायचाच आहे. म्हणून विनवतो, आजी-आजोबांच्या उशाशी तांब्या ठेवून निघून जाऊ नका. घटकाभर बसा. पाणी का नको वाटतं, ते विचारा, आणि सांगतील त्या जागी स्वतः जाऊन उभे राहून पाहा.